ॲनोल

सरीसृप वर्गाच्या स्क्वॅमेटा गणातील सरड्यांचा एक मोठा समूह. यातील जातींचा समावेश सामान्यतः ॲनोलिस ह्या एकाच प्रजातीत करतात. ही प्रजाती फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०२ मध्ये स्थापन केली. तिचे नाव वेस्ट इंडीज बेटांवरील रहिवाशांच्या बोलीतील ह्या सरड्याच्या नावावरून आले आहे. ॲनोलांची गणना पूर्वी इग्वानिडी कुलात करीत. आता त्यांचे स्वतंत्र कुल मानतात. ज्ञात जातींची संख्या ४०० च्या आसपास असून नव्या जातींची तीत भर पडतच आहे. एवढा मोठा पसारा एकाच प्रजातीत ठेवणे गैरसोयीचे असल्याने तिचे आठ प्रजातींत विभाजन करावे, असे २०१२ मध्ये सुचविण्यात आले. परंतु ते सर्व तज्ञांना मान्य झालेले नाही. भारतात ॲनोल नैसर्गिक रीत्या आढळत नाहीत.

ॲनोलांचे मूळ वसतिस्थान अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आग्नेय भाग, मेक्सिको, मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेत ब्राझील आणि बोलिव्हियापर्यंतचा प्रदेश ह्यांत ते पसरलेले आहेत. निम्म्याहून अधिक जाती मुख्य भूमीवर राहतात. तथापि शास्त्रज्ञांचे लक्ष ज्यांनी अधिक वेधून घेतले, ते ॲनोल कॅरिबियन समुद्रातील बेटांवरचे आहेत. क्यूबात ६० हून अधिक, हिस्पॅनिओलावर (हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक) ४० हून अधिक, प्वेर्त रीकोवर सु. १० व जमेकात ६ देशज जाती आहेत. यांपैकी बहुसंख्य जाती आपापल्या बेटाबाहेर कोठेही मिळत नाहीत. कित्येक तर एखाद्या डोंगररांगेपुरत्याच मर्यादित आहेत.

बहुतेक ॲनोल सडपातळ, दिनचर व वृक्षवासी असतात. लहान जातींत डोके व धड मिळून लांबी सु. ४ सेंमी. असते, तर क्यूबातील ॲनोलिस इक्वेस्ट्रिस हा सर्वांत मोठ्या जातींपैकी एक असून शेपटीसह तो ३३ ते ५० सेंमी.पर्यंत वाढतो. पायाच्या बोटांचा मधला भाग रुंद होऊन त्याची गादी बनलेली असते. गादीच्या खालच्या बाजूस आडव्या पट्टिका व त्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म रोम असतात. रोमांची टोके पृष्ठभागाच्या इतकी निकट जातात की, रेणूंमधील क्षीण आकर्षणसुद्धा प्राण्याला धरून ठेवण्यास पुरेसे होते. घरातील पाल भिंतीवर चालते ती ह्याच युक्तीने. मात्र पाली व ॲनोल हे एकमेकांचे जवळचे नातेवाईक नव्हेत, दोघांमध्ये ही रचना स्वतंत्रपणे उत्पन्न झाली आहे. ॲनोलाच्या बोटांना नखरही असतात. शत्रूने पकडल्यास तो शेपटी तोडून टाकतो व तिच्या जागी पुढे नवी शेपटी उगवते.

काही जाती हिरव्याच्या तपकिरी व तपकिरीच्या पुन्हा हिरव्या होतात. त्यामुळे अमेरिकेत ॲनोलिस कॅरोलिनेन्सिस ह्या हिरव्या ॲनोलास ‘अमेरिकन शॅमेलिऑन’ असे चुकीचे नाव पडले. खऱ्या शॅमेलिऑनशी त्याचा संबंध दूरचा आहे. त्याचा रंगबदलही शॅमेलिऑनइतका विविध नसून तो मुख्यतः रक्तातील हॉर्मोनांमुळे घडतो. बसल्या जागेच्या रंगाशी रंग जुळविणे हा त्याचा हेतू नसतो. ह्याच जातीचा संपूर्ण जीनोम (आनुवंशिक द्रव्याचा संच) २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सरीसृपांपैकी असा मान मिळालेली ही पहिली जाती होय.

ॲनोल ओळखण्याची ठळक खूण म्हणजे गळ्याखालील त्वचेचा पंखा. एरवी तो मिटलेला असतो. कंठास्थीचा कूर्चामय दांडा पुढे रेटून नर तो क्षणात उघडतो. लाल, पिवळा, नारिंगी, पांढरा, निळा अशा रंगांचे हे पंखे जातीजातींत भिन्न असतात. पंखा उघडण्याबरोबरच नर ठराविक लयीत डोके वरखाली करतो वा पुढच्या पायांवर जोर देऊन अंग उचलतो. मादीला आकर्षित करणे, प्रतिस्पर्धी नराला आपल्या क्षेत्राबाहेर ठेवणे व आपली जात कोणती हे दर्शविणे ही कामे ह्या प्रदर्शनाने साधतात. एकाच ठिकाणी नांदणाऱ्या जातींचे पंखे सहसा एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसतात. बहुतेक जातींत मादीचा पंखा लहान असतो किंवा नसतो. क्यूबाच्या पश्चिम भागातील ॲनोलिस व्हर्मिक्युलेटस व ॲनोलिस बार्ट्शाय ह्या दोन जातींत तर नरालाही पंखा नसतो. असाच अवयव आशियातील ॲगॅमिडी कुलातील सरड्यांत वेगळ्या मार्गाने उत्पन्न झाला आहे. साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावरचा सरडा सुपर्बा हा निळ्या, काळ्या व नारिंगी पंख्याचा सरडा त्याचे सुंदर उदाहरण होय. ही प्रजाती २०१६ मध्ये नव्याने स्थापन करताना तिला मराठी भाषेतील ‘सरडा’ हेच नाव देण्यात आले.

कीटक व कोळी हे ॲनोलांचे मुख्य भक्ष्य. मोठ्या जाती फळे, लहान सरडे व पक्ष्यांची पिलेही खातात, तर क्यूबातील काही मंदगती जाती आपल्या बळकट दातांनी गोगलगाईंचे कवच फोडतात. मादी एका वेळी एकच अंडे घालते. मात्र जननकालात ती दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा अंडे घालत राहते. अंडी मातीत, पालापाचोळ्यात अगर झाडाच्या ढोलीत असतात व त्यांची निगा राखली जात नाही.

ॲनोलांची खरी महती त्यांच्या वसतिस्थानांच्या वाटपात आहे. क्यूबातील एखाद्या रानात एकाच वृक्षावर व त्याच्या परिसरात अनेक जाती सुखाने राहतात, कारण प्रत्येकीने झाडाचा वेगळा भाग पत्करलेला असतो. बुंध्याच्या खालच्या भागावर, जमिनीपासून एक-दोन मीटर उंचीपर्यंत, तपकिरी रंगाचे, भक्कम बांध्याचे व लांब मागच्या पायांचे ॲनोल असतात. ते डोके खाली करून बुंध्याला चिकटून बसतात, जमिनीवर हालचाल दिसताच उडी मारून भक्ष्य पकडतात व परत जागेवर येतात. बुंध्याच्या मधल्या भागावर चपट्या अंगाचे, राखी जातीचे वास्तव्य असते. वरचा बुंधा व पर्णसंभार ह्यांत हिरव्या रंगाचे, बोटांच्या गाद्या विशेष मोठ्या असलेले ॲनोल फिरतात. शेंड्याकडे अवजड डोक्याचे महाकाय ॲनोल आढळतात. बारीक डहाळ्यांवर आखूड पायांचे, निमुळत्या तोंडाचे, दगडफुलासारख्या करड्या रंगाचे ॲनोल इतके सावकाश सरकतात की, ते जवळ असूनही दिसत नाहीत. झाडाखालच्या गवतात व झुडपांत मात्र अंगावर उभा पट्टा असलेले, शरीराच्या दुपटीहून लांब शेपटीचे अतिशय सडपातळ ॲनोल राहतात. गवताच्या काडीवर तोल सावरण्यास ही शेपटी उपयोगी पडते.

अंगाची ही ठेवण केवळ योगायोगाने त्या त्या जागी आलेली नाही. लांब पायांचा सरडा रुंद पृष्ठभागावर आखूड पायांच्या सरड्यापेक्षा पुष्कळ वेगाने धावतो, परंतु काठी बारीक होत गेली की त्याचा वेग झपाट्याने घटतो व तो वारंवार घसरतो. आखूड पायांच्या सरड्याचा वेग मुळात कमी असला, तरी डहाळीवर त्याचा तोल ढळत नाही. प्रयोगशाळेत निरनिराळ्या जाडीच्या काठ्यांवर सरडे पळवून हे पडताळून पाहण्यात आले आहे.

हार्व्हर्ड विद्यापीठाच्या तुलनात्मक प्राणिविज्ञान संग्रहालयातील अर्नेस्ट विल्यम्स यांनी ह्या प्रकारांना १९७२ मध्ये ‘इकोमॉर्फ’ म्हणजे वसतिरूप असे नाव दिले. अशी सहा वसतिरूपे मानली जातात. क्यूबा व हिस्पॅनिओला ह्या दोन्ही बेटांवर सहाही रूपे आहेत. प्वेर्त रीकोवर मधल्या बुंध्यावरचे रूप नाही, तर जमेकात तेही नाही व गवतातलेही नाही. म्हणजे चारही बेटांवर जवळजवळ तोच संच पुन्हा पुन्हा दिसतो. जमेकातील ॲनोलिस व्हॅलेन्सिएनाय व क्यूबातील ॲनोलिस अँगस्टिसेप्स हे डहाळीवरचे दोन सरडे शेजारी ठेवले, तर ते सख्खे भाऊ वाटावेत.

ते तसे नाहीत. अशा साम्याची सरळ उपपत्ती अशी की, प्रत्येक रूप एकदाच उत्पन्न झाले व नंतर त्याचे प्रतिनिधी समुद्रमार्गे तरंगत चारही बेटांवर पोहोचले. पुष्कळ काळ दुसरी उपपत्ती सिद्ध करण्याचे साधनच नव्हते. डीएनएच्या तौलनिक अभ्यासाने ते मिळाले. जोनाथन लोसॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वंशवृक्षात असे दिसले की, जमेकातील डहाळीवरचा सरडा हा जमेकातीलच महाकाय ॲनोलिस गार्मनायला क्यूबातील आपल्या प्रतिरूपापेक्षा अधिक जवळचा आहे. जमेकाच्या मूळच्या सर्व जाती एकाच पूर्वजापासून निघाल्या आहेत. प्रत्येक बेटावर थोड्या पूर्वजांपासून आरंभ होऊन बुंधा, डहाळी, शेंडा व गवत ही स्थाने स्वतंत्रपणे भरली गेली आणि सारखी जागा सारखे शरीर घडवीत गेली.

ह्या निष्कर्षाचे महत्त्व सरड्यांपुरते नाही. अमेरिकन पुराजीववैज्ञानिक स्टीव्हन जे गुल्ड यांनी १९८९ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, जीवसृष्टीचा इतिहास पहिल्यापासून पुन्हा घडू दिला, तर तो प्रत्येक वेळी निराळ्याच वळणाने जाईल. कारण त्यात योगायोगाचा वाटा फार मोठा आहे. इतिहास पुन्हा घडवून पाहणे मनुष्याच्या हाती नाही. तथापि चार बेटे म्हणजे निसर्गाने स्वतः केलेली चार आवर्तने होत, आणि त्यांचे उत्तर निदान ह्या सरड्यांच्या बाबतीत गुल्ड यांच्या विरुद्ध जाते. परंतु हे उत्तर सार्वत्रिक समजणे घाईचे होईल. मुख्य भूमीवर ॲनोलांच्या जाती अधिक असूनही ही सहा रूपे तेथे क्वचितच आढळतात. तेथे भक्षक व स्पर्धक प्राणी अधिक आहेत, हे त्याचे एक कारण दिले जाते. शिवाय मुख्य भूमीवरील एक मोठी शाखा कॅरिबियन बेटांवरूनच परत आलेल्या पूर्वजांपासून निघाली आहे. म्हणजे घराणे तेच, पण जागा बदलताच परिणाम वेगळा झाला. 

ही रूपे फार प्राचीन आहेत, ह्याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. डोमिनिकन प्रजासत्ताकातील अंबर (वृक्षाच्या चिकाचे जीवाश्म) दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीचे आहे व त्यात अडकलेले ॲनोल त्वचेच्या खवल्यांसह टिकून राहिले आहेत. अशा २० नमुन्यांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी करून २०१५ मध्ये असे दाखविण्यात आले की, आजच्या सहांपैकी चार वसतिरूपे त्या काळीच अस्तित्वात होती.

झाडाच्या भागांप्रमाणेच ऊन व सावली ह्यांवरूनही ॲनोलांत वाटणी झालेली आढळते. क्यूबातील ॲनोलिस सॅग्राय, ॲनोलिस होमोलेकिस व ॲनोलिस ॲलोगस ह्या तिन्ही जाती खालच्या बुंध्यावरच्या आहेत; पण पहिली उघड्यावर, दुसरी रानाच्या कडेला व तिसरी गर्द रानात राहते आणि त्यांचे शरीर-तापमानही त्याच क्रमाने उतरत जाते. प्वेर्त रीकोवरील गर्द रानातला ॲनोलिस गुंडलाचाय उन्हात शेकत नाही, भोवतालचे तापमान तेच त्याचे तापमान असते. अशा सावलीतल्या जातींना हवामान तापत जाण्याचा धोका अधिक आहे, कारण त्या आधीच आपल्या सोसण्याच्या मर्यादेजवळ जगतात.

लेसर अँटिलीसमधील लहान बेटांवर प्रत्येकी एक वा दोनच जाती असतात. दोन असल्यास त्यांच्या आकारांत सहसा स्पष्ट फरक असतो. डोमिनिकात तर ॲनोलिस ऑक्युलेटस ही एकच देशज जाती असून कोरड्या किनाऱ्यावरील व पावसाळी डोंगरांतील तिचे प्राणी रंगाने व ठेवणीने निरनिराळे दिसतात. मुख्य भूमीवर काही विलक्षण जाती आहेत. एक्वादोरच्या अँडीज पर्वतातील ॲनोलिस प्रोबॉसिस ह्याच्या नराच्या नाकावर लवचिक शिंगासारखा अवयव असतो. ह्या जातीचे वर्णन १९५६ मध्ये झाले, पुढे ती कित्येक दशके दिसली नाही व नंतर पुन्हा सापडली. कोलंबियाच्या गॉर्गोना बेटावर संपूर्ण निळ्या रंगाचा ॲनोल राहतो. कोस्टा रीका व पनामा येथील ॲनोलिस ॲक्वाटिकस ओढ्याकाठी राहतो व भय वाटताच पाण्यात बुडी घेतो. अशा जाती नाकपुड्यांवर हवेचा बुडबुडा धरून तीच हवा पाण्याखाली पुन्हा पुन्हा श्वसनासाठी घेतात, असे २०२१ मध्ये दाखविण्यात आले. एका जातीत हा क्रम पंधरा मिनिटांहून अधिक काळ चालल्याची नोंद आहे.

क्रमविकास अतिमंद गतीनेच होतो, ही समजूतही ॲनोलांमुळे बदलली. क्यूबा व बहामा येथील तपकिरी ॲनोलिस सॅग्राय माणसांच्या मालवाहतुकीबरोबर फ्लॉरिडात शिरला. तेथील त्याची पहिली नोंद १८८७ ची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो झपाट्याने पसरला व तेथील मूळचा हिरवा ॲनोल झाडांवर उंच जाऊ लागला. फ्लॉरिडाच्या एका खाजणातील लहान बेटांवर १९९५ मध्ये तपकिरी ॲनोल मुद्दाम सोडण्यात आले. काही महिन्यांतच हिरव्यांनी वरची जागा धरली. तपकिरी ॲनोल शिरलेल्या त्याच परिसरातील बेटांची पंधरा वर्षांनी, म्हणजे सु. २० पिढ्यांनंतर, तपासणी केली असता तेथील हिरव्या ॲनोलांच्या बोटांच्या गाद्या मोठ्या व पट्टिका संख्येने अधिक झालेल्या आढळल्या. त्यांची अंडी प्रयोगशाळेत उबवून वाढविलेल्या पिलांतही हा फरक टिकून राहिला. अर्थात तो आनुवंशिक होता. बहामामध्ये लहान बेटांवर जमिनीवरचा एक भक्षक सरडा सोडला असता पहिल्या सहा महिन्यांत लांब पायांचे ॲनोल अधिक वाचले, कारण त्यांना पळता येत होते. पुढील सहा महिन्यांत उरलेले डहाळ्यांवर चढले व आखूड पायांचे अधिक टिकले. सप्टेंबर २०१७ मध्ये अर्मा व मारिया ही चक्रीवादळे टर्क्स व केकस बेटांवरून गेली. त्याच्या थोडेच दिवस आधी शास्त्रज्ञांनी तेथील ॲनोलिस स्क्रिप्टसची मोजमापे घेतलेली होती. वादळांनंतर वाचलेल्या सरड्यांत बोटांच्या गाद्या सरासरीने मोठ्या, पुढचे पाय लांब व मागचे आखूड होते. प्वेर्त रीकोच्या शहरांत गुळगुळीत भिंतींवर राहणाऱ्या ॲनोलिस क्रिस्टाटेलसचे पाय रानातील त्याच जातीपेक्षा लांब व पट्टिका अधिक असतात.

परंतु ही लवचिकता सर्वांच्या वाट्याला आलेली नाही, आणि एका ठिकाणी तग धरणारा प्राणी दुसऱ्या ठिकाणी अनर्थ करू शकतो. ॲनोल आता हवाई, तैवान, सिंगापूर व जपान येथेही पोहोचले आहेत. जपानच्या ओगासावारा बेटांत हिरवा ॲनोल १९६० च्या दशकात चिचिजिमावर व १९८० च्या दशकात हाहाजिमावर रुजला.  त्याने तेथील प्रदेशनिष्ठ फुलपाखरे, चतुर व रानमाशा ह्यांचा इतका फडशा पाडला की, काही कीटक ह्या दोन बेटांवरून दिसेनासे झाले व त्यांच्यावर परागणासाठी अवलंबून असलेल्या फुलांवर परक्या मधमाश्या येऊ लागल्या. २०१३ मध्ये तो शेजारच्या आनिजिमावरही सापडल्यावर चिकट सापळे व कुंपणे ह्यांच्या साहाय्याने त्यास रोखण्याचे प्रयत्न सुरू झाले.

मूळ प्रदेशात मात्र जंगलतोडीमुळे अल्पक्षेत्री जाती संकटात आहेत. प्वेर्त रीकोच्या पूर्वेस कुलेब्रा बेटावरील महाकाय ॲनोलाचे वर्णन चॅपमन ग्रँट यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले व त्यास तत्कालीन राज्यपालांवरून ॲनोलिस रूझवेल्टाय हे नाव दिले. त्याचे मोजकेच नमुने संग्रहालयांत आहेत. शेवटचा १९३२ मध्ये मिळाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या शासनाने १९७७ मध्ये त्याची नोंद धोक्यातील जातींत केली. तो राहत असलेल्या उंच वृक्षांच्या रानाचे आता थोडेच तुकडे उरले असून तेथे घेतलेल्या शोधांत तो आढळलेला नाही.